सकाळचं तीर्थ

माझ्या हनुमंतानं खंडोबापुढं बेलभंडार उचलला. "आई, आता दारूला शिवणार न्हाई." आणि दारू खरंच सुटली. तो शिक्रापूरच्या कंपनीत जाऊ लागला, पोटभर जेवू लागला.

देवपूजेचं तीर्थ घेतल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही, हे त्याच्यासाठी धरलेलं माझं व्रत.

त्यानं शपथ घेतली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी तीर्थाला दारूचा वास आला. तांब्या घासला, पाणी बदललं, वास तसाच. टाकून दिलं तर व्रत मोडेल, पोराची शपथही मोडेल. डोळे मिटून घेतलं. रोज घेत राहिले. कुणाला बोलले नाही.

आज उठल्यापासून माझे हात कापत होते. हनुमंत शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "आई, आधी पळीभर घे. म्हंजी हात थांबत्यात."

देव अजून पारोसेच होते. मी तांब्याच तोंडाला लावला.