ट्रम्पेटची उडी

बाबांच्या शोकसभेत समीक्षककाका बोलायला उभे राहिले आणि दोन मिनिटांत बाबांना बाजूला सारून आपल्या लाडक्या ट्रम्पेटवादकाकडे वळले. त्याचं एक गाजलेलं वादन बाबांनी, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने, दुकानातल्या रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलं होतं. ती कॅसेट काकांनी तीस वर्षांपूर्वी नेली ती नेलीच. तिच्या जिवावर त्यांनी जॅझवर व्याख्यानं झोडली, एक जाडजूड पुस्तक लिहिलं. मूळ रेकॉर्ड विकत घ्यायची तसदी मात्र कधी घेतली नाही.

"तो अगदी तळातल्या सुरावर असतो आणि तिथून थेट वरच्या सुरावर उडी! मधली पायरीच नाही! दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती," काका सांगत होते. "आमच्या या मित्राला मी ती जागा शंभरदा समजावली. नुसता हसायचा. माणूस लाख चांगला, पण कान फक्त चष्मा अडकवायला!"

सभा हसली. पहिल्या रांगेत बसलेली बाबांची लेक हसली नाही. सगळं आटोपल्यावर ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, बाबांची ती कॅसेट मला परत हवी आहे."

"तुला त्यातलं काय कळणार, पोरी?"

"ती उडी कळते."

 

"रेडिओवरून भरून घेताना तिथे मी रडायला लागले होते," ती म्हणाली. " बाबांनी टेप थांबवून मला कडेवर घेतलं, आणि मी गप्प झाल्यावर पुन्हा सुरू केला."