मोकळ्यात

फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. कडूबाई भाकरी थापता थापता त्यात बघत होती. जपानात दुपार झाली होती. तिथल्या एका ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय शाळेत तिची मुलगी अर्पिता ग्रंथपाल होती. जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाशी बसून डब्यातला भात खात होती. मागं पुस्तकांची कपाटं आणि भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस.

"झाली का सकाळची प्रार्थना तुमच्या येशूची?"

"झाली."

"आन महादेवाचं?"

"त्याचं मनातल्या मनात. ग्रंथालय आहे ना, आवाज करायचा नसतो."

कडूबाई हसली. "शेजारची हमिदाबी इचारत हुती काल. म्हणली, एमेस्सी करून पोरगी पुस्तकं राखायला गेली व्हय एवढ्या लांब."

"तिला सांग, पोरं पण राखते." अर्पितानं फोन फिरवला. गालिच्यावर सहा-सात वर्षांची मुलं पोटावर पडून पुस्तकं बघत होती. "खेळायचं सोडून इथं येतात. या वेळेला मी एकटीच असते त्यांच्यापाशी."

तेवढ्यात तिकडं भोंगा वाजायला लागला. कडूबाईला वाटलं, सुट्टी संपली. अर्पिताचा चमचा तोंडाशी थांबला. ती उठली आणि इंग्रजीत मोठ्यानं काहीतरी म्हणाली. मुलं पुस्तकं टाकून मोठ्या टेबलाखाली शिरायला लागली.

"काय गं? काय झालं?"

"भूकंपाचा इशारा आहे. येईल आता."

छताला टांगलेले दिवे हलायला लागले. आधी थोडे, मग एकमेकांवर आपटण्याइतके.

कडूबाईच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेला पडली. "बाहेर पळ."

"बाहेर नाही जायचं, आई. इथं टेबलाखाली जायचं असतं."

"बाहेर पळ म्हणते ना मी."

"ही इमारत तशी नाही. कपाटं भिंतीला ठोकलेली असतात." अर्पिता समजावून सांगत होती, पण शब्द मागंपुढं होत होते. फोन हातात धरून ती गुडघ्यांवर चालत होती. कडूबाईला एकदा छत दिसलं, एकदा टेबलाचे पाय, एकदा कुणाचा तरी बूट. मग पुस्तकं पडायचा आवाज आला. आधी एकेक, मग सगळी एकदम.

"तुझा मामा बी आपल्याकडच्या भूकंपात असाच खाटंखाली शिरला हुता," कडूबाई म्हणाली.

अर्पिता एका मुलाला टेबलाखाली ओढत होती.

"पोरं राहू दे तिथं. तू एकटी तरी ये. अर्पे, ऐकतीस का? दार कुठंय? दार दाखव मला."

फोन खाली पडला असावा. एका लहान मुलीचा चेहरा एकदम समोर आला, फार जवळ. नाक वाहत होतं. कडूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिलाच म्हणाली, "बाळा, बाहेर जा. तुझ्या बाईला बी ने."

मुलीला मराठी येत नव्हतं. ती कडूबाईच्या ओठांकडं बघत होती.

अर्पिताचा हात आला आणि त्यानं मुलीला बाजूला ओढून घेतलं. फोनमध्ये आता फक्त टेबलाची खालची बाजू दिसत होती. अर्पिता इंग्रजीत प्रार्थना म्हणायला लागली. तिच्यामागून मुलं म्हणायला लागली. तिचा आवाज आता अजिबात हलत नव्हता. कडूबाईला त्यातला एक शब्द कळला नाही. एवढंच कळलं, की पोरगी तिथून उठणार नाही.

कडूबाईनं पिठाच्या हातानं फोन उचलला आणि ती घराबाहेर पळाली. ओसरी, अंगण, फाटक. रस्त्याच्या मधोमध, जिथं वर झाड नाही, तार नाही, तिथं येऊन ती उभी राहिली. फोन तिनं दोन्ही हातांनी धरला होता, आभाळाकडं तोंड करून.

त्र्याण्णवच्या भूकंपापासून सास्तूरमध्ये कुणी असं घरातून पळालं, तर का म्हणून विचारत नाहीत. हमिदाबी ओल्या हातांनी बाहेर आली. समोरचा राजशेखर आपल्या म्हाताऱ्या आईला उचलून घेऊन आला. मग त्याच्या पलीकडचे आले, त्यांच्या पलीकडचे आले. लाईनीतली सगळी घरं रिकामी झाली आणि माणसं रस्त्यावर उभी राहिली.

जमीन हलत नव्हती.

"मला तर काय जाणवलं न्हाय," राजशेखर म्हणाला.

"हितं न्हाय. अर्पीकडं," कडूबाई म्हणाली आणि तिनं फोन दाखवला. सगळे वाकून बघायला लागले. टेबलाची खालची बाजू, लाकडात ठोकलेला एक खिळा. मुलांचा आवाज येत होता. मग चित्र थिजलं. आवाजही थांबला. फोन कट झाला.

कडूबाईनं परत लावला. लागला नाही. राजशेखरनं आईला एका हातावर तोलून दुसऱ्या हातानं स्वतःच्या फोनवरून लावून बघितला. लागला नाही.

कडूबाई फोन तसाच वर धरून उभी होती.

"जायचं का मग आता घरात?" राजशेखरच्या कडेवरून म्हातारीनं विचारलं.

हमिदाबीनं पदरानं रस्त्यावरची थोडी जागा झटकली आणि म्हातारीला तिथं खाली बसवलं.

"एवढ्यात नको, आजी. मागनं दुसरा धक्का येतो की."