पहिला हात नायकाचा

बिजलीबाईनं देवळासमोरच्या ओट्यावर टॉवेल अंथरला, चारही टोकं दगडांखाली दाबली आणि हात जोडून बाजूला उभी राहिली. त्याला अर्धा तास झाला. टॉवेलावर अजून एक नाणंही पडलं नव्हतं.

तांडा सगळा जमला होता. तीन दिवसांचा तिचा नातू पुसदच्या दवाखान्यात श्वासासाठी तडफडत होता. तिथं काचेची पेटी रिकामी नव्हती, आताच्या आता नांदेडला न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. नांदेडच्या दवाखान्यात आधी वीस हजार भरायचे होते. गाडी दवाखान्याच्या दाराशी लागली होती, आणि तिथं तिचा मुलगा प्रेम पैशांच्या निरोपाची वाट पाहत होता. वर्गणी जमली की किराणा दुकानवाला देवीलाल आपल्या मोबाईलवरून पाठवणार होता. एवढंच काम होतं.

पण या तांड्याची एक रीत होती. वर्गणीत पहिला हात नायकाचा, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचा. त्याच्या आधी कुणी टाकायचं नाही, आणि तो टाकील त्याच्या वर कुणी जायचं नाही. नायकाचा मान राहावा म्हणून कोण्या पणजोबानं ही रीत घातली ती घातली. ती मोडायची आता कुणाची टाप नव्हती.

नायक रामसिंग लिंबाखाली बाजेवर बसला होता. शेत पोरांच्या नावावर करून दिल्यापासून त्याच्या बंडीच्या खिशात काही राहत नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे ठाऊक नसल्यासारखे बसले होते. अशा वेळी माणसं फार सभ्य होतात.

पुण्याहून सुट्टीवर आलेल्या संजयचा हात खिशात गेला. शेजारी बसलेल्या त्याच्या बापानं मनगट धरलं.

"नायकाच्या आधी? काही शरम हाय का तुले?"

बिजलीबाईचा फोन वाजला. प्रेम होता.

"याडी, किती झाले?"

"होऊन राह्यले बापा. होऊन राह्यले."

तिनं फोन बंद केला. लेकराचा जीव चालला आणि तुम्ही मान सांभाळत बसा, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण इथं एकालाही दुखवून तिला चालणार नव्हतं. ती नायकाजवळ गेली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"नायक, पाया पडते. टाका ना काही. दहा टाका."

"माह्याजवळ वीस हायेत," रामसिंग पुटपुटला. "टाकायची लाज नाई वाटत मले. पन मी वीस टाकले तं तुह्या नातवाले पन्नास कोन टाकंन?"

बिजलीबाई तशीच वाकलेली राहिली. म्हातारा तिच्यासाठीच हात आवरून बसला होता. आपण मघापासून मनात त्याला शिव्या देत होतो, याचं तिला फार वाईट वाटलं.

ती घरात गेली. सून पुष्पाच्या डिंकाच्या लाडवांसाठी पिठाच्या डब्यात पाचशेची एक नोट ठेवली होती. घरात तेवढीच होती. तिनं तांब्या भरला, नोटेची घडी त्याच्या बुडाखाली धरली आणि बाहेर आली.

"नायक, पानी घ्या."

रामसिंगनं तांब्या हातात घेतला. बोटांना घडी लागली तसा तो थांबला. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, अर्धा तांब्या प्यायला, तो खाली ठेवला आणि कसाबसा उठला. टॉवेलापर्यंत चालत गेला.

"पाचशे," तो म्हणाला. "नायकाचे."

कुठून आले, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. लोक उठले, नोटा पडू लागल्या. कुणी दोनशे, कुणी तीनशे. संजयनं पाचशे टाकले आणि बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी देवीलाल आला. परवाच त्याचं सोयाबीन विकलं गेलं होतं. त्यानं शर्टाच्या आतल्या खिशाचं बटण काढलं आणि चांगली जाड गड्डी बाहेर काढली. तिच्यातून पाचशेची एक नोट ओढून टॉवेलावर ठेवली, नायकाला हात जोडले.

"नायकाच्या बरोबरीनं. वर नाई."

गड्डी परत खिशात गेली. ती त्यानं दाखवायला नाही, द्यायलाच आणली होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बिजलीबाई त्या खिशाकडे पाहत राहिली. डब्यात हजार असते तर हजार पडले असते. तिची पाचशेची नोटच तिच्या नातवाच्या आडवी आली होती.

देवीलालनं नोटा मोजल्या. मान वर न करता म्हणाला, "नऊ हजार झाले, काकी. नऊच."

लोक कपडे झटकत उठू लागले. तिच्या हातातला फोन पुन्हा वाजायला लागला. तिनं तो घेतला नाही. तिनं टॉवेलाची चारही टोकं गोळा केली, नोटांसकट मोट छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं बाजेजवळचा तांब्या उचलला.

"बसा," ती सगळ्यांना म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "हात जोडते, कोनी उठू नका. बसा."

ती घरात गेली आणि लगेच परत आली. तांब्या काठोकाठ भरला होता. तिनं तो दोन्ही हातांनी बुडाखालून धरला होता, आणि बोटांआड नोटांची जाड घडी होती.

"नायक," ती म्हणाली, "मघा तुमी पानी अर्धंच पेले."

रामसिंगनं तिच्याकडे पाहिलं. मग देवीलालच्या खिशाकडे पाहिलं. आणि तांब्यासाठी दोन्ही हात पुढे केले.