फाईल पूर्वीसारखी करण्याची आज्ञा

दीपमालाचा साखरपुडा मोडला. म्हणजे, तो झालाच नव्हता.

त्या दिवशी घरी सत्यनारायण होता, असं तिच्या आईने अख्ख्या इंदिरानगरात सांगितलं. स्टुडिओतून फोटो धुऊन आले तेव्हा शेजारच्या लताबाईंनी विचारलं, "हा सूट घालून बसलेला मुलगा कोण हो?"

"भटजी," आई शांतपणे म्हणाली.

ऑफिसनेही साथ दिली. साखरपुड्याचे पेढे सगळ्यांनी खाल्ले होते, पण आता ते कुणालाच आठवत नव्हते. मॅनेजर सोमनाथ सरांनी तर आपल्याला पहिल्यापासूनच डायबेटिस असल्याचं जाहीर केलं. वाईट वाटतंय का, असं दीपमालाला कुणी विचारलं नाही. न झालेल्या गोष्टीबद्दल विचारणार तरी कसं? एकाने जरी विचारलं असतं तरी तिला पुरलं असतं.

दुपारी कळवणहून नव्याने आलेला प्रोग्रामर जीवन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तोंड रडवेलं. पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांसाठी तो सकाळपासून प्रोग्राम लिहीत होता. एक ओळ चुकली, म्हणून त्याने दीपमालानेच लिहिलेल्या ऑफिसच्या मराठी मॅन्युअलमध्ये बघून 'रिव्हर्ट' ही आज्ञा दिली. ओळ गेली. बाकीची सकाळही गेली.

"मॅडम, परत आणा ना."

"नाही येत."

"कुठंतरी ठेवलं आसंल की त्यानं."

"कुठेच नाही ठेवत."

"मंग हे काय लिवलंय?" त्याने मॅन्युअलवर बोट ठेवलं. 'फाईल पूर्वीसारखी होते.' "फाईल झाली वो. पन मी? मी बसलो व्हतो ना हितं?"

दीपमालाने मॅन्युअल बाजूला सारलं.

"बसला होतास," ती म्हणाली. "मी बघितलंय."

जीवनने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला गेला.

"मॅन्युअलचं ते पान आजच सुधारून टाक," सोमनाथ सर दीपमालाला म्हणाले. दीपमालाने टाइप केलं: 'सावधान. शेवटच्या नोंदीनंतर फाईलमध्ये जे काही लिहिलं असेल, ते ही आज्ञा न विचारता पुसते. पुसलेलं परत येत नाही. मात्र ते लिहिलं गेलं होतं.'

सर खुर्चीमागून वाचत होते. "शेवटचं वाक्य काढ. मॅन्युअल आहे, कीर्तन नाही. त्यापेक्षा एखादं उदाहरण दे. उदाहरणाशिवाय पोरांना कळत नाही."

दीपमालाने वाक्य काढलं. खाली 'उदाहरण' असं लिहिलं. मग एका दमात टाइप केलं:

'वरील आज्ञेनुसार सर्व काही पूर्वीसारखे करावयाचे असल्याने, ज्या कर्मचाऱ्यांनी दीपमालाच्या साखरपुड्याचे पेढे खाल्ले, त्यांनी ते कार्यालयीन वेळेत, मूळ स्थितीत, बॉक्ससह जमा करावेत, ही नम्र विनंती.'