एका बटणात पूर्वज

पूर्वजांच्या वेदीवर ठेवायचा फोटो जिवंतपणीच करून घ्यायची आमच्या हायफाँग शहरात पद्धत आहे. आमच्या फोटो स्टुडिओत कामाला असलेल्या खोयने त्यासाठी संगणकावर दोनशे मॅक्रोंचा, म्हणजे फोटो आपोआप सजवणाऱ्या आज्ञांचा, संच बसवला. बटण दाबलं की सुरकुत्या गायब, मागे निळं आकाश, अंगात जरीचा झगा. याला तो कला म्हणतो.

न्यानआजींनी आपली फ्रेम निरखून पाहिली. "छान आहे. कोण ही?"

"आजी, तुम्हीच!"

"आणि माझ्या हनुवटीवरचा तीळ?"

"मॅक्रोने काढला. फुकटात."

"मेल्या, सत्तर वर्षं सांभाळलाय मी तो! परत लाव. नातवंडांनी मला ओळखायचं कशावरून?"

फ्रेम दुरुस्तीसाठी टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या थोआबाई वारल्या. त्यांचाही फोटो त्याच बटणातून निघालेला. त्यांचा मुलगा तुयेन धावत आला आणि खोयने गडबडीत त्याच्या हातात न्यानआजींचीच फ्रेम दिली.

तिसऱ्या दिवशी न्यानआजी थोआबाईंच्या घरी उदबत्ती लावायला गेल्या, तर वेदीवर त्या स्वतःच! समोर थोआबाईंचे चार मुलगे ढसाढसा रडत होते. आजींनी तिथूनच खोयला फोन लावून शिव्या घातल्या. थोआबाईंचा खरा फोटो घेऊन तो धापा टाकत पोचला आणि हात जोडून उभा राहिला.

तुयेनने दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिल्या. भावांनाही दाखवल्या.


"हाच राहू दे," तो न्यानआजींचा फोटो वेदीवर परत ठेवत म्हणाला. "यात आई जास्त आईसारखी दिसते."