दुसरं औषध

"या एकाच औषधानं पाय वाचेल असं मला वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जोडीला दुसरं सुरू करू या."

लिफ्टचा मिस्त्री उशीला टेकून ऐकत होता. महिन्यापूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पडून त्याची नडगी मोडली होती. आत सळई बसवली आणि तिच्याभोवती असे चिवट जंतू वाढले, की नेहमीची औषधं त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. चालतील अशी दोनच उरली होती. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. दोन्ही मिळून दिली तर आशा जास्त, पण दुसरं किडन्यांना जड जातं. रोज रक्त तपासून डोस सांभाळता येईल, तरी हमी नाही.

मिस्त्रीनं ताईकडे पाहिलं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, ती अठराची. तिनंच त्याला वाढवलं. अजूनही तो तिच्या आणि दाजींच्या घरात, वरच्या खोलीत राहायचा.

"नको," ताई म्हणाली. "पायाशिवाय माणूस जगतो. किडन्या गेल्या तर काय करायचं?"

बिघडल्या तरी त्या बहुधा सावरतात, असं बाईंनी परोपरीनं सांगितलं. ताई ढिम्म. नकाराचा कागद आला, त्यावर सही मिस्त्रीचीच लागणार होती. ताईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"माझ्यावर विश्वास आहे ना, बाळा?"

त्यानं सही केली.

मग ती रोज यायची. आल्या आल्या नर्सला किडनीचा रिपोर्ट विचारायची, पायाचं नंतर. अशी बहीण मिळायला नशीब लागतं, असं नर्स म्हणाली तेव्हा मिस्त्रीची छाती फुगली. दाजी मात्र एकदाही फिरकले नाहीत. त्यांना हॉस्पिटलचा वास सोसत नाही, असं ताई सांगायची.

नवव्या दिवशी ताप भडकला. जंतू रक्तात उतरले. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

डॉक्टरांनीच हलगर्जीपणा केला, असं ताईनं त्याच्या कानाशी सांगितलं, आणि ते त्याच्या मनात घर करून बसलं. आपल्याला पद्धतशीर फसवलं, असं त्याला वाटू लागलं. डॉक्टरीणबाई आल्या की तो भिंतीकडे तोंड करायचा. एकदा त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी आणखी अडून बसायला हवं होतं." तो वळलाही नाही.

जखम भरली. घरी जायच्या दिवशी ताई बिलाच्या खिडकीशी गेली असताना एक अनोळखी बाई फाईल घेऊन त्याच्या कॉटशी आली. किडनी विभागातून आले, म्हणाली. त्याचे रिपोर्ट उत्तम होते. जंतुसंसर्ग पुरता गेल्यावर, तीन-चार महिन्यांनी, पुढच्या तपासण्या करता येतील.

"कसल्या तपासण्या?" मिस्त्रीनं विचारलं.

बाई गोंधळली. "दाजींना डायलिसिसवर दोन महिने झाले ना? किडनी देणारे म्हणून तुमचंच नाव दिलंय. तुम्ही आनंदानं तयार आहात असं ताई म्हणाल्या."

तिनं अर्ज त्याच्या हातात दिला. अक्षर ताईचं होतं. तारीख होती, त्यानं दुसरं औषध नाकारलं त्याच्या आदल्या दिवसाची.