अर्धं बोट सैल

“तुमच्या कमरेएवढं वर्तुळ करा बघू. अंदाजानं.” समुपदेशक बाईंनी टेबलावर दोरी ठेवली.

लेकीनं वर्तुळ केलं. मग बाईंनी तीच दोरी तिच्या कमरेभोवती गुंडाळली. दीड वीत दोरी उरली, लोंबत राहिली.

“ही दीड वीत कमरेत नाही, विचारांत आहे,” बाई आईला म्हणाल्या. “मी हीच मोजते. वजन पलीकडे डॉक्टर बघतात.”

आई शिवणकाम करणारी. वीस वर्षं लोकांची मापं घेतली, पण एवढी चूक तिच्याकडे शिकायला आलेल्या पोरींनीही कधी केली नव्हती.

“सहा आठवडे घरी ठेवून बघू. अंग भरलं नाही, तर मात्र दाखल करावं लागेल. आणि ताई, घरात वजनकाटा नको. कपडा जरा घट्ट झाला की या मुली बिचकतात, परत ताट बाजूला सारतात.”

या शेवटच्या वाक्याची आईनं मनाशी गाठ मारली.

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथला गणवेश फिकट निळा शर्ट. आईनं तसेच सहा शिवले. पहिला आत्ताच्या मापाचा, पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा अर्धं बोट सैल. ओळखायला कॉलरच्या आत लाल टाके घातले, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे सहापर्यंत. दर रविवारी लेक आंघोळीला गेली की कपाटातला शर्ट काढून घ्यायचा आणि पुढचा टांगायचा. हा नेम तिनं व्रतासारखा पाळला.

सोमवारी सकाळी ती दारात उभी राहून बघायची.

“टक लावून काय बघतेस? मी काय टीव्ही आहे?”

“शर्ट बसतोय ना नीट?”

“नेहमीसारखा.”

नेहमीसारखा! म्हणजे अर्धं बोट भरलं. आई मनातल्या मनात हात जोडायची.

लेक आता ताट आपल्या खोलीत घेऊन जायची. ताट रिकामं परत यायचं. तिच्या गालांवर आईला तजेला दिसू लागला. शेजारीण म्हणाली, “पोरगी अजून काडीच आहे गं,” तर आईनं दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. मेलीची नजरच वाईट.

“आई, निळा दोरा देतेस? बटण सुटलंय.”

“आण इकडे, मी लावते.”

“राहू दे गं. शिवणारणीची लेक ना मी? एवढं येतं मला.”

पोरीला स्वतःच्या कपड्यांत लक्ष घालावंसं वाटतंय, एवढ्यानंच आईचे डोळे भरून आले. महिन्याभरात रीळ अर्ध्यावर आलं. या खेपेला बटणंच कच्ची मिळाली, ती स्वतःशी म्हणाली.

सातव्या सोमवारी दोघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी लेकीला आत नेलं. आईनं पिशवी उघडली आणि सहाही शर्ट समुपदेशक बाईंच्या टेबलावर ठेवले.

“मॅडम, तुमचं माप दोरीचं, माझं हे. प्रत्येक आधीच्यापेक्षा अर्धं बोट सैल शिवलाय, तिच्या नकळत. आणि सहाही तिला अंगाबरोबर बसले!”

बाई हसल्या. “बघू तरी.”

लाल टाके मोजत आईनं सहावा खाली पसरला, त्यावर पाचवा, मग चौथा, सगळ्यात वर पहिला. खालचा प्रत्येक जरा जरा बाहेर डोकवायला हवा होता.

एकही डोकवेना. तिनं कडा जुळवल्या, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, सगळे उचलून पुन्हा मांडले. सहावा तर पहिल्याखाली पुरता झाकला गेला होता.

“ताई...” बाई हळूच म्हणाल्या.

आईनं सहावा ओढून घेतला आणि उलटा केला. तिच्या मशीनच्या शिवणीपासून दोन्ही कुशींना दोन दोन बोटं आत निळ्या दोऱ्याचे टाके होते. बारीक, एकसारखे, सात वर्षांच्या पोरीचा हात हातात धरून तिनंच शिकवलेले.